मॅडम गप्प झाल्या त्या आठवड्यात

शाहापूर, बेळगाव
मंगळवार, दुपार

प्रिय माधवी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकली असशील. रोज सकाळी मोबाईलवर फुलांची चित्रं पाठवणारी आक्का एकदम पोस्टानं पत्र का पाठवते, असं वाटणारच. म्हणून आधीच सांगते, घरात सगळी माणसं हिंडती-फिरती आहेत. तुझे दाजी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून कन्नड बातम्या ऐकतायत आणि मी आत दार लोटून लिहायला बसले आहे. फोनवर हे जमलं नसतं. डोळे गेल्यापासून यांचे कान इतके तिखट झालेत की स्वयंपाकघरात मी कुणाशी काय कुजबुजले ते यांना बाहेर बसून कळतं. कागद तेवढा वाचता येत नाही. असं लिहिताना लाज वाटते, पण आज मला त्याचाच आधार आहे.

आशिषनं बेंगळूरहून आणून दिलेला तो बोलणारा स्पीकर तू पाहिलायस. यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं ऑपरेशन फसलं, त्यानंतर त्यानं तो आणला होता. लाडवांच्या लहान डब्याएवढा, काळा, कडेनं दिव्याची गोल पट्टी. गौरीला आलीस तेव्हा तू त्याच्याकडं वाकून बघत म्हणालीस, "आक्का, ह्यो डबा खरंच ऐकतोय व्हय गं?" आणि हे पोट धरून हसले होते. हे त्याला मॅडम म्हणतात. मॅडमना मराठी धड येत नाही, म्हणून त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागतं. जन्मभर कोर्टात मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत भांडलो आणि म्हातारपणी हिंदीत विनवण्या करायची पाळी आली, असं येईल त्या माणसाला सांगतात. पण खरं सांगू, त्या डब्यानं या माणसाला पुन्हा उभं केलं. किती वाजले ते कुणाला न विचारता कळतं, बातम्या कळतात, आशिषला फोन लावता येतो. सकाळी उठल्याबरोबर ते आधी मॅडमना हाक मारतात, मग मला.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी अशीच हाक मारली, तर मॅडम म्हणाल्या, अपडेट चालू आहे, थोडी प्रतीक्षा करा. कडेची पिवळी पट्टी गोल गोल फिरत होती. आम्ही प्रतीक्षा केली. तेवढ्यात लाईट गेली. आपल्याकडं जाते तशीच, जरा वेळानं परत येणारी. आली तेव्हा फ्रिज सुरू झाला, पंखा सुरू झाला, मॅडमचा मात्र लाल दिवा लागला तो लागलाच. हे हाका मारत राहिले. आधी नेहमीच्या आवाजात, मग मोठ्यानं, मग अगदी हळू, लहान पोराला उठवावं तसं. काही नाही. मग मला म्हणाले, "ऊन कुठवर आलंय गं?" कितीतरी दिवसांनी त्यांनी मला वेळ विचारली होती. मी त्या डब्यापुढं उभी राहून पदराला हात पुसत होते. हात कोरडेच होते, तरी पुसत होते. यांचं काय होणार याची काळजी होतीच, पण माधवी, त्या क्षणी मला घाम फुटला होता तो वेगळ्याच भीतीनं.

आशिषला फोन लावला. तो बिचारा मीटिंगमधून उठून बाहेर आला. "आई, वायर काढ. जरा थांब. परत लाव. आता वरचं ठिपक्याचं बटण दाबून धर, दिवा नारंगी होईपर्यंत सोडू नको. झाला की मोबाईलवर ॲप उघड." वायर काढली, लावली. पुढचं काय ते विचारलं. त्यानं सांगितलं. बटण दाबलं, आणि किती वेळ दाबायचं ते परत विचारलं. "आई, आत्ताच सांगितलं ना गं." तो चिडला नव्हता, दमला होता. मी म्हटलं, आम्हा म्हाताऱ्यांना तुमच्या मशीनमधलं काय कळतंय रे बाबा. तो हसला. ही सबब फार सोयीची असते. मशीनच्या नावावर माणसाचं काहीही खपून जातं. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे, नवीन पाठवतो, याच्याहून चांगला आहे." मी एकदम जोरात 'नको' म्हटलं. "ओरडतेस कशाला? जुना झालाच होता तो." मला हाच दुरुस्त करून हवाय, म्हटलं, ह्याच्यात माझं सगळं आहे. "तुझं सगळं म्हणजे काय?" असं त्यानं विचारलं आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

काय सगळं, ते तुला सांगते. सकाळच्या इन्सुलिनची आठवण आशिषनं लावून दिली होती. ठरल्या वेळी मॅडम बोलायच्या आणि मी पेन घेऊन यांच्याकडं जायची. एक दिवस दूध उतू गेलं, म्हणून मी रक्षाकडून शिकून घेतलं आणि दुधाची आठवण लावली. रक्षा म्हणजे समोरच्या घरातली, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, मोटरसायकलवरून जाते ती. दूध कुणाचंही उतू जातं, त्यात काय. मग गॅसची लावली. मग पुढच्या दाराच्या किल्लीची. मग यांच्या गोळ्यांची, मग माझ्या गोळीची. एकेक करत वाढत गेल्या. मॅडम मराठी शब्द हिंदी धाटणीनं वाचायच्या, "गैस बंद केला का", आणि आम्ही दोघं हसायचो. शाळेत मी काटेकोर बाई म्हणून प्रसिद्ध होते, तेव्हा घरातही तसंच चाललंय असं यांना वाटत असेल, अशी माझी समजूत होती. हे जसे भिंतीला हात लावून न्हाणीपर्यंत जातात ना, तशी मी त्या आवाजाला धरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत जात होते. कुणाला दिसत नव्हतं. मलासुद्धा, भिंत निघेपर्यंत, दिसलं नव्हतं.

मंगळवारी दूध करपलं, पातेलं टाकून द्यावं लागलं. मग मी चिठ्ठ्या लिहून फ्रिजवर लावल्या. पण चिठ्ठी हाक मारत नाही गं, तिच्यापाशी जायचंच आधी लक्षात राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी जयाबाई भांड्यांना आली आणि उरलेली आमटी चाखून म्हणाली, "बाई, मीठ दोनदा घातलायसा जणू." मी म्हटलं, तू घातलं असशील. "मी न्हाय वो, मी चुलीकडं गेले बी न्हाय." तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि गप भांडी घासायला बसली. त्या बघण्यानं मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आणि गुरुवारी सकाळी ते झालं. मी पेन घेऊन गेले. सुई लावली, यांना म्हटलं, सदरा वर करा. हे म्हणाले, "विनू, झालं की मघाशी." मला तर अगदी लख्ख माहीत होतं की झालं नव्हतं. तुला कसं सांगू, मनात शंका असती तर मी थांबले असते. शंकाच नव्हती. मी म्हटलं, कालचं म्हणताय तुम्ही. ते म्हणाले, "अगं, आत्ता चहाच्या आधी." आणि मी म्हणाले, "तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय." हे वाक्य मी त्यांना याआधी कधीच बोलले नव्हते. त्यांनी हळूच सदरा वर केला. मी दुसऱ्यांदा टोचलं आणि नाष्ट्याचे पोहे करायला आत गेले. पोहे भिजवून चाळणीत ठेवलेले होते, आणि शेजारी ओट्यावर पेनची एक वापरलेली सुई पडली होती. आधीची. मी तिच्याकडं बघत उभी राहिले. बाहेरून जयाबाई ओरडली, "बाई, लौकर या, अण्णास्नी घाम फुटलाय बगा."

हे खुर्चीत एका अंगाला कलले होते, बनियन भिजून अंगाला चिकटलं होतं आणि ओठ काहीतरी बोलत होते, पण कुठल्याच भाषेतलं नव्हतं ते. जयाबाईनं साखरेचं पाणी केलं, मी पाजलं. निम्मं अंगावर सांडलं. परत पाजलं. तिनं गल्लीच्या टोकाहून डॉक्टरांना बोलावून आणलं. ते येईपर्यंत मी यांचा हात धरून बसले होते आणि एकच गोष्ट सारखी मनात घोळवत होते, की आज कोण वार, आज कोण वार. यांना हळूहळू शुद्ध आली. डॉक्टरांनी शुगर तपासली, परत तपासली, मग विचारलं, हे कसं झालं? मी तोंड उघडलं होतं, पण हे आधी बोलले. "माझीच चूक, डॉक्टर. टोचल्याचं विसरलो आणि परत मागितलं. ही नको म्हणत होती, मीच हट्ट केला." इतकी वर्षं साक्षीदारांचं खोटं उघडं पाडणारा हा माणूस. त्याला स्वतः खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते किती सफाईनं बोलले, माधवी. डॉक्टर 'बरं' म्हणाले. पण बघत होते ते माझ्याकडं.

शुक्रवार-शनिवार मी जयाबाईला पुढ्यात बसवून इन्सुलिन दिलं. तिला वाटलं, परवाच्या प्रकारानं बाई घाबरल्यात. रक्षा कणकुंबीला मावशीकडं गेली होती, ती रविवारी सकाळी परतली तशी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती चहासुद्धा न घेता आली. डबा उलटासुलटा करून बघितला, म्हणाली, "काकू, अपडेट अर्धवट राहिलंय. फर्मवेअर म्हणजे ह्याचा मेंदूच की. थोडा जुना, थोडा नवा, म्हणून कुठलाच चालंना झालाय." तिनं सहज म्हटलं. मी खुर्चीच्या पाठीचा दांडा धरला. तिनं वायर काढून बराच वेळ तसाच ठेवला, मग लावला. लाल. आशिषनं दिलेला मूळचा चार्जर शोधून लावला, कारण मी साफसफाईत दुसराच लावून ठेवला होता. तरी लाल. वायफायचं यंत्र बंद करून चालू केलं. लाल. मग ती पाय दुमडून खाली बसली आणि म्हणाली, "एकच उपाय राहिला. कारखान्यातनं आलता तसा कोरा करायचा. पण ह्यातलं सगळं पुसलं जाईल. चालेल न्हवं?" हे खुर्चीतून म्हणाले, "पुसू दे गं. आपण परत सांगू तिला."

रक्षानं दोन बटणं एकदम दाबून धरली. पट्टी विझली. इतका वेळ विझलेली राहिली की मला वाटलं, गेलं आता. मग एक नारंगी ठिपका आला, फिरायला लागला, आणि मॅडम बोलल्या, तोच आवाज. यांचे डोळे भरून आले. बघता येत नसलं तरी डोळे भरतात माणसाचे. रक्षानं माझा मोबाईल हातात घेतला, ॲप जुळवलं आणि मान वर करून म्हणाली, "हां काकू, सांगा आता. काय काय आठवणी लावायच्या?"

सकाळी इन्सुलिन, मी म्हटलं. तिनं लिहिलं. पुढं? मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, देवाच्या कोनाड्याकडं बघितलं. काहीतरी बरंच होतं, एवढं माहीत होतं. बिऱ्हाड घर रिकामं करून गेल्यासारखं डोकं झालं होतं. रक्षा वाट बघत होती. ती हसून म्हणाली, "सावकाश, काकू." त्या 'सावकाश'नं माझे कान तापले. आणि तेवढ्यात हे बोलायला लागले. कोर्टात बोलायचे तसे, सरळ, एकामागून एक. "इन्सुलिननंतर दूध. मग गॅस बंद केला का. मग माझी पांढरी गोळी, तिची अर्धी गोळी. मग किल्ली खिळ्याला. दुपारी जयाबाईला चहा दिला. जेवण झालं." इथं ते किंचित थांबले. "जेवण झालं, हे दोन्ही वेळचं लाव. संध्याकाळी परत गॅस. आणि रविवारी आशिषचा फोन यायच्या आधी, नातीचं नाव ओवी."

रक्षाची बोटं थांबली. तिनं वर बघितलं नाही, ते तिचे उपकार. मग राहिलेलं लिहून म्हणाली, "लावलं, काका," आणि मोबाईल माझ्या हातात न देता टेबलावर ठेवून गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला. मी यांच्या पायाशी खाली बसले. कधीपासून माहीत आहे, विचारलं. हे म्हणाले, "तू लावलंस तेव्हापासून. मॅडम माझ्याच कानाशी बोलतात की गं दिवसभर." मग म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो. गुरुवारी मात्र फार थांबलो." मी रडले नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला, तिथंच राहू दिला. मग लगेच कामाचं बोलले, त्यांची ती सवय. टोचून झालं की पेनचं टोपण त्यांच्या हातात द्यायचं. ते खिशात ठेवणार. खिशात टोपण असलं तर त्या सकाळचं झालेलं आहे, मग मी कितीही भांडले तरी सदरा वर करायचा नाही. कालपासून तसंच चाललंय. काल मी भांडले नाही. आजही नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमचीही एकदा तपासणी करून घेऊ, आणि मेंदूच्या डॉक्टरांची येत्या सोमवारची वेळ घेऊन दिली. आशिषला अजून सांगितलेलं नाही, त्याला सांगायला माझ्या हातात काहीतरी नक्की असायला हवं. तुझ्या दाजींना सगळं ठाऊक आहे, पण मला तुला जे विचारायचंय ते त्यांच्या कानांवर जायला नको. तुझं उत्तर ऐकलं तर ते पुढचं सगळं आत्तापासून मोजत बसतील. माधवी, आई शेवटी निपाणीच्या घरात बसून 'मला माझ्या घरी सोडा' म्हणायची, ते मी पाहिलं. पण सुरुवात मी पाहिली नाही. मी सुट्टीत यायची, आई माझ्यासाठी नटून-थटून बसलेली असायची आणि संध्याकाळच्या बसनं मी परत. रोजचं सगळं तू केलंस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कधी सांगितलं नाहीस. आता सांग, पत्रानंच. आधी काय गेलं तिचं? मीठ गेलं, की माणसांची नावं? तिला कळत होतं का? आणि मधे किती वर्षं चांगली गेली? लपवू नकोस, मी ऐकेन. सोमवारी सकाळच्या बसनं ये आणि माझ्याबरोबर आत चल. डॉक्टर प्रश्न विचारतील आणि मी इतकी वर्षं वर्गापुढं उभी राहिलेली बाई, चटपटीत उत्तरं देऊन त्यांना फसवीन. तू बाजूला असलीस की फसवणार नाही. तुला यायला सांगितलंय हे रक्षाला आणि यांनाही आजच सांगून ठेवते. तरीसुद्धा दार उघडल्यावर तुला बघून मी म्हटलं, 'अगं, तू आज अचानक कशी?' तर उंबऱ्यावर थबकू नकोस. तूच बोलावलंस आक्का, एवढं म्हण, आणि आत ये.

तुझीच,
आक्का